बिनखांबांची ओसरी

गल्लीत वळलो आणि वाटलं, आपण भलत्याच गल्लीत शिरलो. मोटारसायकल बंद करून मागं पाहिलं. दगडी वेस जागेवर होती. तिच्या कमानीत उगवलेलं पिंपळाचं रोपटंही तसंच होतं. समोरच्या काकूंच्या ओट्यावर कुरडया वाळत होत्या. म्हणजे गल्ली बरोबर होती. फक्त माझ्या मित्राच्या घराला पुढून काही उरलं नव्हतं.

ओसरी होती, तिच्यावरचं माळवद होतं, पण खांब नव्हते. स्लॅबच्या सेंट्रिंगला लावतात ते लोखंडी टेकू, वाळलेल्या सिमेंटचे ओघळ असलेले, तुळयांखाली तिरपे उभे होते. खांबांवरच्या नक्षीच्या कमानी नव्हत्या. चौकट नव्हती. चौकटीच्या जागी निळी ताडपत्री सुतळीनं बांधलेली. खांबांखालचे दगड तेवढे राहिले होते आणि त्यांच्या मधोमध, कित्येक पिढ्या ऊन न लागलेला दगड, नुकत्याच काढलेल्या पट्टीखालच्या कातडीसारखा फिकट दिसत होता.

माझ्या हातात टेप होता. मी खांबाची जाडी मोजायला आलो होतो.

हे लिहायला मला बराच काळ लागला. मी फारसं बोलणारा माणूस नाही. घरीही नाही, बाहेरही नाही. पण न बोलण्यानं जे झालं ते आता सांगून टाकतो.

जालन्यापासून तासाभराच्या आत आमचं तालुक्याचं गाव. वेशीच्या आतली आमची जुनी पेठ निजामाच्या काळात कापडाच्या व्यापारानं भरभराटीला आलेली. दगडी ओटे, सागवानी खांब, त्यांच्यावर कोरलेले पोपट आणि केळफुलं. काही वर्षांपूर्वी नगरपालिकेत ठरलं की या पेठेचा दर्शनी भाग जपायचा. कुणाला खोली वाढवायची असेल, मजला चढवायचा असेल, तर आधी नकाशा समितीपुढं ठेवायचा. समितीत एक निवृत्त मुख्याध्यापक, ते अध्यक्ष. एक तरुण इंजिनिअर मॅडम. आणि मी. मी तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवतो.

काम सुरुवातीला गमतीचं वाटायचं. लोक कसले कसले नकाशे आणायचे. एकानं सगळ्या ओट्याला काळा ग्रॅनाइट सुचवला होता. एकाला गच्चीच्या कोपऱ्यांवर सिमेंटचे सिंह पाहिजे होते. मॅडमनी विचारलं, "सिंह कशाला?" तर तो म्हणाला, "मॅडम, साडूच्या घरावर मोर हाय." आम्ही घर पाहायला जायचो, मापं घ्यायचो, परत यायचो आणि पुढच्या बैठकीत निर्णय द्यायचो. मधल्या दिवसांत आपलं मत कुणाला कळू द्यायचं नाही असा नियम होता. तो नियम मी इतरांपेक्षा जास्तच पाळायचो. मला तो सोयीचा होता.

मग एका बैठकीत माझ्या मित्राचा नकाशा आला.

शाळेपासूनचा मित्र. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये तो काम करतो, रोज मोटारसायकलनं जातो-येतो. त्याच्या वडिलांना, आमच्या काकांना, लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज मात्र शाबूत. दिवसभर ते ओसरीत, डावीकडच्या खांबाला टेकून गल्ली पाहत बसायचे. त्या खांबाला ते उभं आयुष्य टेकत आले होते. कापडाचं दुकान ओसरीतच होतं तेव्हापासून. अडचण अशी की संडास-मोरी मागच्या चौकापलीकडं, दगडी पायऱ्या उतरून. माणसाला दोघांनी उचलून न्यावं लागायचं आणि मित्र पाळीला गेला की घरात वहिनी एकट्या. म्हणून त्यांना ओसरीचा अर्धा भाग बंद करून खोली आणि तिथंच संडास पाहिजे होता. नकाशात खांबांना लागून विटेची भिंत दाखवली होती. म्हणजे खांब, कमानी, नक्षी, सगळं भिंतीत गडप.

पण ही खोली झाली तरच काका त्या घरात राहू शकणार होते, हेही स्पष्ट होतं.

मित्रानं मला आधी फोन केला नाही. मला अवघडल्यासारखं होईल म्हणून केला नाही, हे मला बरोबर कळलं. मीही केला नाही. समितीतला माणूस म्हणून करायला नको, असं स्वतःला सांगितलं. आम्ही घर पाहायला गेलो तर तो दारात हात जोडून उभा. म्हणाला, "या सर."

मी तिसरीपासून त्याच्या डब्यातलं खाल्लं होतं. पण मीही मान हलवली आणि "हं, चला" म्हणालो.

वहिनींनी चहा आणला. अध्यक्षांनी बशीत ओतून घेतला, मॅडमनी घेतला. माझ्यापुढं ट्रे आला.

"नको," मी म्हणालो.

"घ्या की भाऊजी, अर्धा तरी."

"नको. राहू द्या."

एवढंच. त्याच्या दोन आठवडे आधी मला शुगर निघाली होती. माझ्या वडिलांचा पाय शुगरनं गेला होता. मी पाहिलेलं होतं ते. घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं, गोळ्या मोटारसायकलच्या डिकीत ठेवायचो. आता अध्यक्षांसमोर, मॅडमसमोर काय सांगायचं? वहिनी ट्रे धरून जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मित्र माझ्याकडं पाहत होता. काकाही पाहत होते, तोंड एका बाजूला कललेलं, डोळे माझ्यावर. मला त्या नजरा सोसेनात, म्हणून मी वळलो आणि काका टेकले होते तो खांब पाहू लागलो. त्यावर पाठीच्या उंचीला एक उथळ खळगा पडला होता, तेल लावल्यासारखा गुळगुळीत. मी त्यावरून बोट फिरवलं. माणसाची पाठ लाकडात उतरलेली मी पहिल्यांदा पाहिली.

तिथंच मला उत्तर सुचलं. भिंत बांधायचीच कशाला? पूर्वी दुकानं बंद करताना फळ्या लावायचे, खाचेत एकामागून एक सरकवून. तशाच फळ्या खांबांच्या हातभर मागं लावायच्या. दिवसा काढून ठेवल्या की काकांना गल्ली दिसेल, रात्री लावल्या की खोली बंद. संडास आतल्या कोपऱ्यात. खांबाला कुठं खिळाही नाही. पुढचे दोन्ही रविवार मी त्या ड्रॉइंगवर बसलो. इतक्या मनापासून मी फार वर्षांत काही काढलं नव्हतं. बैठकीत ते पुढं ठेवायचं, मंजूर करून घ्यायचं आणि मग मित्राच्या घरी जाऊन त्याच्या हातात द्यायचं, असं मनाशी ठरवलं होतं. तोवर अर्थात एक अक्षर बोलायचं नाही.

बैठक होती त्याच दिवशी सकाळी, खाचेची जागा ठरवायला खांबाची नेमकी जाडी पाहिजे म्हणून मी टेप घेऊन गेलो. आणि समोर ते लोखंडी टेकू.

"काय मोजताव आता सर?" मागून आवाज आला. समोरच्या काकू कुरडया उलटत होत्या. "मोजायसारखं कायबी ठिवलं न्हाई त्यानं."

"काकू, हे... कधी झालं?"

"परवा. टेम्पो आल्ता. तो जुनं लाकूड घेणारा न्हाई का, सालभर चकरा मारून राह्यला व्हता. दिलं सगळं. म्हाताऱ्याला बी नेलं एमआयडीसीकडं, मिलच्या मागं खोली केलीय म्हणं."

"पण अजून निर्णयच झाला नाही! बैठक आज आहे."

काकूंनी मान वर केली. आधी त्यांना वाटलं, मी नाटक करतोय. मग माझा चेहरा पाहून त्या कुरडई हातात धरूनच थांबल्या.

"निर्णय तर झाल्ता न सर. तुम्ही चहा घेतला न्हाई."

मला कळलं नाही. मी म्हणालो, "चहाचा काय संबंध?"

"लो! आता ह्यांनाच म्हाईत न्हाई." काकू ओट्याच्या कडेला आल्या. "आमच्या गॅलरीच्या टायमाला तुमच्या अध्यक्षांनी कप हातात धरला न्हाई. झाली का मंजूर? न्हाई झाली. त्या सिंहवाल्याकडं बी न्हाई घेतला. झाले का सिंह? सारी गल्ली तेच पाहती. चहा घेतला तर काम व्हतं, न्हाई घेतला तर न्हाई व्हत. ज्याचं काम मोडायचं त्याच्या घरचं खावं कसं, चांगल्या माणसाला न्हाई जमत ते. आमी त्यात बी तुमचा मोठेपणाच धरला. आन् तुम्ही तर त्याचे दोस्त. तुम्हीच न्हाई म्हणल्यावर मंग ऱ्हायलं काय?"

मी खांबाच्या दगडावर बसलो. इतकी वर्षं आम्ही वहीत नियम लिहीत होतो आणि गल्लीनं आमचा एक वेगळाच नियम तयार केला होता, जो आम्हाला कुणी सांगितला नव्हता, कारण सगळ्यांना वाटत होतं तो आमचाच आहे.

"थांबला असता तो बैठकीपर्यंत," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "पर म्हातारा पडला न. तुम्ही येऊन गेल्यावर चारेक दिवसांनी. सून एकटीच नेऊ लागली मागं, पायऱ्यावर पाय सटकला. मांडीचं हाड न्हाई मोडलं, नशीब. त्याच दिवशी ठरवलं त्यानं."

आता पुढचं सांगतो, ते जास्त अवघड आहे.

दुपारी बैठक झाली. ड्रॉइंगची नळकांडी माझ्या खुर्चीला टेकवून ठेवली होती. मॅडमनी मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला आणि अध्यक्ष लालबुंद झाले. "ही तर सरळ बेइमानी आहे! आपण विचार करतोय आणि हा माणूस विकून मोकळा!" नोटीस काढायचं ठरलं. दर्शनी भाग विनापरवानगी काढल्याबद्दल कारवाई का करू नये, वगैरे. अध्यक्ष माझ्याकडं वळले. "तुमचे मित्र ना हो? तुम्हाला काही कल्पना?"

मी म्हणालो, "नाही."

तोंडातून तेवढंच निघालं. बोलायचं म्हणजे चहापासून सुरुवात करावी लागली असती आणि चहापासून म्हणजे शुगरपासून. माझ्यासमोर कागद आला. मी सही केली. नळकांडी घेऊन घरी आलो आणि कपाटावर टाकली.

नोटीस ताडपत्रीवर चिकटवली गेली. पेठेतून जायचं मी सोडलं. बायकोला डिकीत गोळ्या सापडल्या, ती भांडली, रडली, मग तिनं ज्वारीची भाकरी मोजून द्यायला सुरुवात केली. घरचं ते एक उघडं पडलं, तरी मला हलकं वाटेना. उलट वाटू लागलं, एवढं सोपं होतं तर!

शेवटी एका रविवारी एमआयडीसीला गेलो. मिलच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची रांग. भट्टीची धग तिथपर्यंत येत होती आणि सळ्यांचे गठ्ठे पडल्याचा आवाज थांबत नव्हता. मित्र बाहेर मोटारसायकल पुसत होता. त्यानं पाहिलं आणि पुसणं चालूच ठेवलं.

"दुसरी नोटीस आणली का सर?"

"सर म्हणू नको रे."

"मंग काय म्हणू?"

आत काका लोखंडी खाटेवर होते. पाठीमागं दोन उश्या. समोर खिडकी, आणि खिडकीच्या हातभर पलीकडं शेजारच्या गोदामाचा पत्रा. ते पत्रा पाहत होते. मला पाहिल्यावर त्यांचा डावा हात उशीवरून जरा उचलला गेला.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. शुगरचं, चहाचं, फळ्यांच्या ड्रॉइंगचं, बैठकीत "नाही" म्हणालो त्याचं, सहीचं. मिलचा आवाज होता म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी स्वतःबद्दल काही बोललो नव्हतो.

मित्र दारातच उभा होता, फडकं हातात. वहिनी स्टोव्हपाशी.

मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्या ट्रेत एक कप बिनसाखरेचा व्हता."

"काय?"

"माझा. मला बी शुगर हाय, चार सालापासून. कडेचा कप, कान तुटलेला. तुम्ही नुसतं बोलले असते तर तोच तुम्हाला दिला असता." त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "एक शब्द, भाऊजी. एवढा कसला हो तुमचा शब्द महाग?"

मला आठवला तो कप. कान तुटलेला. मी तो पाहिला होता.

मित्र आत आला. "मी काय समजलो म्हाईत हाय? हा माणूस माझ्या बापाकडं पाहून न्हाई राह्यला. खांबावर हात फिरवून राह्यला. त्याला लाकडाची पडली. त्या दिवशी म्हातारा पडला, आन् मी म्हणलं, तुला लाकूड पाह्यजे ना? मंग लाकूडच ठिवत न्हाई." तो खाली बसला. "निम्म्या भावात दिलं. रागानं दिलं. खांब टेम्पोत चढवून राह्यले आन् आबा खाटेवरून बघून राह्यले. वाचा गेल्याली, ओरडता बी येईना त्यांना. मी त्यांच्याकडं बघितलंच न्हाई."

म्हणजे आम्ही दोघांनीही त्यांच्याकडं पाहिलं नव्हतं. हे मी बोललो नाही. त्याला कळलं असावं.

त्यानं माझ्यासमोरच त्या लाकूडवाल्याला फोन लावला. खांब पुढं गेले होते, पुढच्यानं आणखी पुढं दिले होते. मित्रानं फोन ठेवला आणि विचित्र हसला. "एक बरं झालं. आता तर खोली बांधू द्याल ना? आता तुमचं जपायसारखं उरलंच काय?"

या वाक्यानं मी जितका हादरलो तितका त्या सकाळीही हादरलो नव्हतो. कारण ते खरं होतं.

पुढच्या बैठकीत मी बोललो. सगळं, पहिल्यापासून. अध्यक्ष चष्मा काढून माझ्याकडं पाहतच राहिले. मग म्हणाले, "अहो, पण गॅलरीवाल्यांकडं... मला त्या दिवशी पित्त झालं होतं! आणि ते सिंहवाले... तिथं मी घरून पिऊनच निघालो होतो." त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या पित्तावर लोक घरं ठरवत होते?"

मॅडम म्हणाल्या, "पण सर, मी तर सगळीकडेच पिते."

"म्हणून तर मॅडम, तुमचा चहा ते धरत नाहीत," मी म्हणालो.

हसू आलं तिघांनाही, पण टिकलं नाही. नोटीस मागं घेतली. खोली मंजूर झाली. मी नळकांडीतलं ड्रॉइंग काढून टेबलावर पसरलं. त्यात चार खांब काढलेले होते, नक्षीसकट. मॅडमनी त्यावर बोट ठेवलं. खांबांच्या जागी विटांचे खांब धरून मी ते पुन्हा काढलं.

काका परत आले तो दिवस सांगतो आणि थांबतो.

संडास झाला होता, फळ्यांच्या खाचा झाल्या होत्या, विटांच्या खांबांना अजून गिलावा व्हायचा होता. मित्रानं आणि मी काकांना रिक्षातून उचलून ओसरीत आणलं, नेहमीच्या जागी बसवलं. फळ्या काढलेल्या होत्या. समोर गल्ली. वेस. काकूंचा ओटा. काकांनी सगळं एकदा पाहून घेतलं, डावीकडून उजवीकडं. मग सवयीनं डावा हात मागं नेला. पाठ टेकायच्या आधी ते तो खळगा चाचपायचे, हे मला तेव्हा कळलं. हात विटेच्या कडेला लागला. त्यांनी तो मागं घेतला. पुन्हा नेला, जरा वर. पुन्हा जरा खाली. विटेची धार बोटांना लागत होती. त्यांच्या घशातून एक आवाज आला, मोठा नाही. मित्र तोंड फिरवून आत गेला.

मी जाऊन त्या विटांच्या खांबापुढं बसलो, त्यांच्याकडं पाठ करून. त्यांचा हात माझ्या खांद्याला लागला, थांबला, आणि मग हळूहळू सगळं वजन माझ्या पाठीवर आलं. मी दोन्ही हात जमिनीला टेकून तोल धरला.

वहिनींनी चहा आणला. कान तुटलेला कप माझ्यासमोर ठेवला आणि आत गेल्या. माझे हात गुंतलेले. हललो असतो तर काका कलंडले असते. चहावर साय धरू लागली.

गल्लीतली दोन-तीन दारं उघडी होती. समोरच्या काकूंनी निवडायचं सूप खाली ठेवलं.

"काय सर," त्या गल्लीपलीकडून ओरडल्या, "आज बी चहा न्हाई का?"

"घेणार आहे काकू!" मी ओरडलो, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "शुगर आहे मला, चहा बिनसाखरेचा आहे. हात मोकळा झाला की घेतो."